पाण्याचा हिशेब 1 जूनला होतो, माणसांचा कधी?

रविवारी गुहागरला गेलो होतो. स्टेटसला समुद्राचे दोन फोटो टाकले तर दिवसभर "पत्रकार मजेत", "बातम्या संपल्या काय" असले मेसेज. मजेतच होतो, खोटं कशाला बोलू. पण येताना डोक्यात एक भांडण घेऊन आलो आणि ते आज इथं मांडतोय. पोस्ट लांब आहे. ज्यांना फक्त फोटो बघायचेत त्यांनी स्टेटस बघावं.

शनिवारी मुक्कामाला कोयनानगरला आलो होतो. पहाटे साडेपाचला निघालो, रासाटीला चहा घेतला. गाडीत तिघं. गाडी ज्याची तो, एक मास्तर आणि मी. चौथा चिपळूणला बहादूरशेख नाक्यावर चढणार होता. तो कऱ्हाडला आमच्याबरोबर कॉलेजला होता, आता चिपळूणच्या बाजारपेठेत त्याचं दुकान आहे. गुहागर-विजापूर राष्ट्रीय महामार्ग नावाची जी गोष्ट आमच्या भागातून जाते तिच्याबद्दल आज लिहीत नाही. संगमनगर धक्का ते घाटमाथा या पट्ट्यातून जे रोज जातात त्यांच्या कंबरेला सगळं माहीत आहे.

कुंभार्ली घाट उतरताना मला दर वेळी एकच गोष्ट आठवते. आपण वळणं घेत, ब्रेक दाबत खाली जातो तेव्हा आपल्या खालून, डोंगराच्या पोटातून, पाणीही तिकडंच चाललेलं असतं. नवजाच्या बाजूला शिवसागरातून ते बोगद्यात शिरतं, साडेचारशे मीटरहून जास्त खाली पडतं, पोफळीला टर्बाइन फिरवतं. तिथून कोळकेवाडीच्या धरणात अडतं, अलोऱ्याच्या वीजगृहात पुन्हा एकदा राबतं आणि मग वाशिष्ठीत जातं. पूर्वेला वाहणाऱ्या नदीचं पाणी पश्चिमेला वळवायचं, सह्याद्री फोडून समुद्राकडं सोडायचं, ही करामत 1962 साली सुरू झाली. चौथ्या टप्प्यासाठी भरलेल्या तलावाला खालून भोक पाडलं, 1999 ला एकदा आणि 2012 ला दुसऱ्यांदा. लेक टॅपिंग म्हणतात त्याला. पाण्याला बाहेर न सांडता खालून वाट काढून दिली. आज प्रकल्पाची क्षमता 1,960 मेगावॅट आहे. हे सगळं मी कौतुकानेच सांगतोय. कोणी पाहुणा आला की धरण मीच दाखवायला नेतो आणि छाती माझीच फुगते.

चिपळूणचा मित्र गाडीत बसला आणि पहिल्या दहा मिनिटांत त्याचं ठरलेलं वाक्य आलंच. "तुमच्या धरणाने आम्हाला बुडवलं रे."

तो 22 जुलै 2021 बद्दल बोलत होता. त्या दिवशी त्याच्या दुकानात माळ्यापर्यंत पाणी होतं. शटर उघडलं तेव्हा आत काय शिल्लक होतं हे त्याने मला एकदाच सांगितलंय, परत विचारायची माझी हिंमत झाली नाही. पाणी कोळकेवाडीतून सोडलं म्हणून चढलं की एका रात्रीत कोसळलेला पाऊस, भरतीची वेळ आणि गाळाने भरलेलं वाशिष्ठीचं पात्र यामुळे चढलं, यावर चिपळुणात आजही दोन माणसं एकत्र आली की वाद होतो. गाळ काढा म्हणून चिपळूणकरांना डिसेंबरच्या थंडीत उपोषणाला बसावं लागलं, तेव्हा कुठं पात्रात यंत्रं उतरली.

मी म्हणालो, "आम्ही कधी बुडलो ते विचार की."

तर मास्तर मागून म्हणाले, "दोघंही बुडलाय. भांडू नका, मार्गताम्हाण्याला मिसळ खाऊ."

मिसळ खाल्ली. गुहागरला पोचलो, व्याडेश्वराचं दर्शन घेतलं. समुद्राबद्दल काय लिहायचं, तो आहे तसाच आहे, लांबच लांब, सुरूच्या बनाला लागून. आम्ही चौघं पंचेचाळिशीच्या आसपासचे बाप्ये पँटी गुडघ्यापर्यंत दुमडून तासभर पाण्यात उभे होतो. गाडीवाल्याचा चष्मा लाटेने नेला आणि तो पुढच्या लाटेनं परत आणून दिला. यावर आम्ही जेवढं हसलो तेवढं वर्षभरात हसलो नसू. दुपारी खानावळीत सुरमई, सोलकढी. मास्तर शाकाहारी, त्यांनी बिरड्याची उसळ दोनदा मागून घेतली.

जेवल्यावर मीच म्हणालो, धोपाव्याला जाऊ. दाभोळची खाडी तिथं फेरीबोटीने ओलांडता येते. मला बोटीत बसायचं नव्हतं. आमचं पाणी समुद्राला मिळतं ती जागा बघायची होती. वाटेत अंजनवेलकडे बघून गाडीवाला म्हणाला, "एन्रॉन ना रे हे?" हो, तेच. महाराष्ट्राला उजळवून टाकणार म्हणून आलेलं आणि महागडी वीज परवडत नाही म्हणून 2001 साली बंद पडलेलं. पुढं सरकारी कंपन्यांच्या ताब्यात गेलं. आमच्या पाण्याची स्वस्त वीज मात्र तेव्हाही चालू होती आणि आजही चालू आहे. असो, तो विषय वेगळा.

धोपाव्याच्या धक्क्यावर उभं राहून खाडी बघितली. खारं पाणी, गढूळ, त्यात आपलं कुठलं आणि कोकणातलं कुठलं कोण सांगणार. आणि तिथंच भांडण खरं पेटलं.

मित्र म्हणाला, "वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसी पाणी तुम्ही आम्हाला देता. देता म्हणजे टाकता. त्याला नाव काय, तर अवजल. आम्ही चिपळूणवाले अवजल पितो." खेर्डी, लोटे इथल्या कारखान्यांना, शहराच्या नळांना उन्हाळ्यातही वाशिष्ठीत जे पाणी मिळतं ते याच अवजलाच्या जिवावर, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्याचं म्हणणं एवढंच होतं, की हे पाणी कधी किती सोडणार हे ठरवताना खालच्या माणसाला कोणी विचारत नाही. उन्हाळ्यात वीजनिर्मिती कमी झाली की नळ कोरडे, पावसाळ्यात वाढली की दुकानदार रात्रभर जागे.

मी म्हणालो, "तुम्ही अवजल पिता हे तरी बरं. पाणी तुमच्यापर्यंत पोचतं. आमच्या वरच्या वाड्यांना मे महिन्यात पाण्यासाठी टँकरची वाट बघावी लागते. धरण खाली दिसतं आणि हंडा रिकामा."

"मग भांडा की तुमच्या सरकारशी."

"आमचं सरकार आणि तुमचं सरकार वेगळं आहे काय?"

यावर तो गप्प बसला. मीही.

आता माझा मुद्दा.

मी वीसेक वर्षं पत्रकारिता करतोय. त्यातली कितीतरी वर्षं पावसाळ्यात रोज सकाळी एकच बातमी देतोय. कोयना, नवजा, महाबळेश्वर, तीन ठिकाणचा पाऊस मिलिमीटरमध्ये. पाणीपातळी फुटांत, आवक क्युसेकमध्ये, पायथा वीजगृहातून विसर्ग किती, वक्र दरवाजे किती फुटांनी उचलले, साठा किती टीएमसी. 105.25 टीएमसीच्या धरणात किती भरलं हे आम्ही दशांशचिन्हानंतर दोन आकड्यांपर्यंत छापतो. सांगलीत आयर्विन पुलाखाली पाणी किती फुटांवर आलं ते त्याच्या शेजारच्या चौकटीत. आणि दर 1 जूनला कोयनेचं तांत्रिक वर्ष सुरू होतं. गेलं वर्ष संपलं, पश्चिमेकडे विजेसाठी इतकं वापरलं, पूर्वेकडे सिंचनासाठी इतकं सोडलं, पुरात इतकं गेलं, बाष्पीभवन इतकं झालं. उन्हाने उडून गेलेल्या पाण्याचाही हिशेब आहे हो! कृष्णा लवादाने पश्चिमेला किती न्यायचं ते ठरवून दिलं आहे. थेंब इकडचा तिकडे झाला तर तीन राज्यं वकील उभे करतात.

त्याच धरणासाठी उठवलेल्या माणसांचा हिशेब मला कोणी दाखवावा.

ही टाळीसाठी केलेली बात नाही. मी स्वतः विस्थापित खातेदारांचा आकडा वेगवेगळ्या बातम्यांत वेगवेगळा छापलाय. जो अधिकारी जे सांगेल ते. एका वर्षी एक यादी, पुढच्या वर्षी दुसरी. माझीच जुनी कात्रणं शेजारी ठेवली तर लाज वाटते. शंभराच्या आसपास गावं उठली. कोणी सोलापूरकडे गेलं, कोणी सांगलीकडे, कोणी ठाणे-रायगडात, कोणी इथंच डोंगरावर चार वाव वर सरकलं. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात आला 1976 ला, मग 1986 चा, मग 1999 चा. कोयनेची माणसं उठली साठीच्या दशकाच्या सुरुवातीला. म्हणजे ज्यांना उठवलं त्यांना पाहून पुढच्यांसाठी कायदे केले आणि पहिल्यांना सांगितलं, तुमच्या वेळी कायदा नव्हता. वर 11 डिसेंबर 1967 चा भूकंप. पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. पन्नाशीच्या पुढच्या कोणाही कोयनाकाठच्या माणसाला विचारा, पत्र्याच्या शेडमध्ये बालपण गेलं असं सांगणारे किती निघतात बघा.

"साठ वर्षं झाली, किती रडणार?" हे मला इथंच पूर्वी एकाने सुनावलं होतं. सुशिक्षित माणूस, पुण्यात असतो, गणपतीला गावी येतो. त्याला माझं उत्तर असं. आम्ही रडत नाही. 2018 साली श्रमिक मुक्ती दलाच्या झेंड्याखाली, डॉ. भारत पाटणकरांच्या नेतृत्वात, कोयनानगरला हजारो माणसं ठिय्या देऊन बसली. मी तिथं रोज जात होतो. म्हाताऱ्या बाया तिथंच जेवत होत्या, तिथंच झोपत होत्या. त्यांच्या मागण्यांत धरण फोडा असं एकदाही ऐकलं नाही. आमची यादी पुरी करा, जमीन कुणाला मिळाली, कुणाला नाही, ते लिहून काढा, असं म्हणत होते ते. पन्नास-पंचावन्न वर्षांनी माणसं सरकारकडे काय मागतात तर आमची मोजदाद करा! दुसऱ्या कुठल्या राज्यात असं आंदोलन झालं असेल तर सांगा.

बैठका झाल्या. मुंबईत झाल्या, साताऱ्यात झाल्या. संकलन रजिस्टर अद्ययावत करण्याचे आदेश झाले. ज्यांना हा शब्द माहीत नाही त्यांच्यासाठी: कुठल्या खातेदाराची किती जमीन गेली, त्याच्या घरात किती माणसं, त्याला बदल्यात काय मिळालं, याची नोंद म्हणजे संकलन. तुमचं नाव त्यात असेल तर तुम्ही धरणग्रस्त. नसेल तर तुमचं गाव तळाला असलं तरी तुम्ही कोणी नाही.

आमच्याच घरातलं सांगतो, दुसऱ्याचं उदाहरण नको. माझ्या पुतण्याला भरतीसाठी प्रकल्पग्रस्ताचा दाखला हवा होता. नोकरीत प्रकल्पग्रस्तांना समांतर आरक्षण आहे, 5 टक्के. माझ्या आजोबांचं नाव नोंदीत आहे, पण त्यांच्या वडिलांचं नाव चुकलंय. एका कार्यालयात गेलो, कुठल्या ते सांगत नाही, कारण तिथला कारकून बिचारा भला माणूस आहे. तो म्हणाला, दुरुस्तीसाठी मूळ गावचा जुना उतारा आणा. मी म्हणालो, साहेब, मूळ गाव पाण्यात आहे. तो म्हणाला, ते मला माहीत आहे हो, पण उतारा लागेल. दुसऱ्या कार्यालयात पाठवलं, तिथून तिसऱ्या. पुतण्याचं वय गेलं. आता तो कऱ्हाडला मोबाईलच्या दुकानात आहे. मी पत्रकार असून ही गत, तर डोंगरावरच्या एकट्या बाईने काय करायचं?

आणि या सगळ्यात कोयनेच्या नावाने रोज नवीन योजना येतात. अवजल मुंबईला न्यायचं. अवजल कोकणभर फिरवायचं. जलाशयाच्या काठाने नवीन महाबळेश्वर उभारायचं. मुनावळ्याला 2024 पासून पाण्यावरचे खेळ सुरू झालेत, पुण्या-मुंबईची मंडळी येतात, बोटी उडवतात. येऊ देत, चार पोरांना काम लागलं तर मला आनंदच आहे. मीही रविवारी पर्यटकच होतो की, गुहागरकरांनी मला हाकललं नाही. पण मला एक सांगा. 1985 साली अभयारण्य झालं, 2010 ला व्याघ्र प्रकल्प झाला. तेव्हा याच काठावरच्या माणसाला लाकूड तोडू नको, गुरं सोडू नको, घराची भिंत वाढवू नको असं सांगितलं गेलं. आता त्याच काठावर हॉटेलं बसणार असतील, तर भिंत कुणाची चालते आणि कुणाची चालत नाही, हे कोण ठरवतं? जंगल वाचवायचं तर सगळ्यांपासून वाचवा. नाहीतर आम्हाला तरी खरं कारण सांगा.

चिपळूणच्या मित्राला उतरवलं तेव्हा संध्याकाळ झाली होती. नाक्यावर तो म्हणाला, "तुझं त्या दुपारचं बरोबर होतं. पण माझंही चूक नाही." मी म्हणालो, "तुझं चूक कधी म्हणालो?" मग त्याने एक गोष्ट आठवण करून दिली जी माझ्या लक्षात यायला हवी होती. ज्या 22 जुलैला त्याचं दुकान बुडत होतं, त्याच पावसात रात्री घाटाच्या वरच्या अंगाला मिरगाव, ढोकावळे, आंबेघर इथं डोंगर घरांवर आला. तोच पाऊस, घाटाच्या दोन्ही बाजूंना. मी त्या वेळी मिरगावच्या चिखलात उभा होतो आणि मोबाईलवर चिपळूणचे व्हिडिओ येत होते. खाली नुकसानभरपाईचे पंचनामे चालले होते तेव्हा वर मढी शोधत होते. त्या गावांतल्या कितीतरी कुटुंबांचं कायमचं पुनर्वसन त्यानंतर वर्षानुवर्षं लटकत राहिलं. म्हणजे धरणाने उठवलेल्यांच्या रांगेत दरडीने उठवलेले येऊन उभे राहिले. रांग पुढे सरकतच नाही, फक्त मागून वाढते.

आणि तरी तो मला म्हणतो तुमच्या धरणाने बुडवलं, मी त्याला म्हणतो आमच्या पाण्यावर जगता. दोघांत हे भांडण लावून देणं किती सोयीचं आहे बघा. सांगली म्हणते कोयनेतून पाणी सोडा, शेतं वाळली. पुरात सांगली म्हणते कोयनेतून पाणी सोडू नका, घरं बुडाली. चिपळूण तेच म्हणतं. प्रत्येक जण धरणाकडे बोट करतो आणि धरणाच्या काठी कोण राहतो तर आम्ही, ज्यांच्या हातात एका दरवाजाचीही चावी नाही.

साडेसातला घरी पोचलो. घर म्हणजे आईकडे, वाडीवर. आई ओट्यावर बसली होती. "आलास व्हय? किती येळ. कुठं गेलतास?"

"समुद्र बघाया गेलतो."

"जेवलास का?"

"दुपारी. मासं खाल्लं."

मग जरा वेळाने, भाकरी थापता थापता, तिने विचारलं, "तिथं आपलं पानी दिसलं का रं?"

ती सहा-सात वर्षांची होती गाव सोडलं तेव्हा. तिला आठवतं ते एवढंच, की तिच्या आईने शेवटच्या दिवशी घर सारवलं. जायचं होतं, पाण्यात जाणार होतं, तरी सारवलं. बायका हसत होत्या म्हणे तिला. मे महिन्यात शिवसागराचं पाणी खाली गेलं की काही ठिकाणी जुनी जोती उघडी पडतात. दहा-बारा वर्षांपूर्वी मी तिला एकदा घेऊन गेलो होतो. चिखलात तिने काठीने जागा दाखवली, इथं गोठा, इथं जातं. मी फोटो काढला. तो फोटो पुरावा म्हणून चालेल का असं मी त्या भल्या कारकुनाला विचारलं होतं. तो हसला नाही, एवढं त्याच्या बाजूने सांगतो.

मी आईला म्हणालो, दिसलं पाणी, पण ओळखू आलं नाही. ती म्हणाली, "आता खारं झालं आसंल." आणि भाकरी तव्यावर टाकली.

येत्या 1 जूनला मी दरवर्षीप्रमाणे पाण्याचा हिशेब छापणार आहे. यंदा त्याच बातमीखाली मला दुसरी एक चौकट द्यायची आहे: गावनिहाय खातेदार किती, जमीन मिळालेले किती, अर्धवट मिळालेले किती, अजून कोरे किती, दाखल्यासाठी अडकलेले किती. तो तक्ता मी संबंधित कार्यालयांकडे माहितीच्या अधिकारात मागितलाय. मिळाला तर छापेन. नाही मिळाला तर चौकट रिकामी छापेन, आणि दर 1 जूनला छापत राहीन. माझी मागणी तेवढीच आहे. नवीन महाबळेश्वर करा, अवजल मुंबईला न्या, पण त्याआधी ही यादी प्रत्येक मूळ गावच्या नावाने, जिथं जिथं माणसं बसवलीत त्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा. नाव चुकलेलं असेल तर तिथंच दुरुस्तीचा अर्ज घ्या. बुडालेल्या गावचा उतारा मागू नका, तो तुमच्याच दप्तरात आहे. आणि चिपळूणकरांसाठी: अवजल किती वाजता किती सोडणार, हे नाक्यावर मोठ्या अक्षरांत रोज लिहा. त्याला कुठला लवाद लागत नाही.

ज्यांच्या घरात जुना संकलनाचा कागद, जमीन गेल्याची नोटीस, पत्र्याच्या शेडची पावती, काहीही असेल त्यांनी फोटो काढून मला पाठवा. सोबत मूळ गावचं नाव आणि त्या वेळच्या खातेदाराचं पूर्ण नाव लिहा, वडिलांच्या नावासकट. सोलापूर, सांगली, रायगड, ठाण्याकडं गेलेल्या आपल्या माणसांपर्यंत ही पोस्ट पोचवा. चुकलेलं नाव असलं तरी पाठवा, ते जास्त कामाचं आहे.